विज्ञानकथावाल्यांनो, तुमच्या परग्रहवासीयांना एकही नातू कसा भेटत नाही?

प्रति,
मराठीत विज्ञानकथा लिहिणारे सगळे लेखक-लेखिका आणि त्या छापणारे दिवाळी अंकांचे संपादक यांना,

नमस्कार मंडळी.

पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगून टाकतो. मी लेखक नाही, समीक्षक तर अजिबात नाही. दरवर्षी पाच-सहा दिवाळी अंक पदरचे पैसे मोडून घेणारा आणि घरी आणल्या आणल्या अनुक्रमणिकेत आधी विज्ञानकथा शोधणारा वाचक आहे. फराळ नंतर, राशिभविष्य तर बायकोकडे, मला आधी परग्रहावरचे पाहुणे लागतात. आणि त्यातही माझा एक जुना, जरा खुळा म्हणता येईल असा नाद आहे, तो म्हणजे "ते आलेत, इथेच आहेत, आपल्यावर राज्य करतायत आणि आपल्याला पत्ताच नाही" या प्रकारच्या गोष्टी. तबकडी उतरली, शास्त्रज्ञ धावले, पाहुण्यांनी पर्यावरणावर भाषण दिलं आणि निघून गेले, असल्या गोष्टी मी आता वाचतो न वाचतो. पण छुपं राज्य म्हटलं की मी जेवण टाकून वाचायला बसतो.

आणि दरवेळी पोपट होतो.

म्हणजे बघा, गोष्ट छान सुरू होते. कुणीतरी इंजिनिअर असतो, त्याला ऑफिसात काहीतरी विचित्र दिसतं, मग तो शोध घेतो, कुणाचा तरी खून होतो, आणि शेवटच्या पानावर कळतं की कंपनीचा मालक किंवा मंत्री किंवा बायको हीच परग्रहावरची आहे, डोळे हिरवे होतात, मानेमागे चिप दिसते, संपली गोष्ट. अहो पण थांबा ना, मला विचारायचंय! हे लोक किती आहेत? पन्नास की पन्नास हजार? त्यांना आपल्याकडून हवंय काय? लपून का राहतात, एवढे शक्तिशाली आहेत तर उघड का बसत नाहीत सिंहासनावर? पगारपत्रक कोण लिहितं त्यांचं? आपल्यातलं त्यांना कोण कोण सामील आहे आणि त्याला काय मिळतं? याचं एक वाक्य नाही. डोळे हिरवे झाले की लेखकाचं काम संपलं. आमच्या साताऱ्याच्या भाषेत सांगायचं तर नुसता नारळ फोडला, पूजा राहिली.

आता तुम्ही म्हणाल हा प्रकारच मुळात अमेरिकेतला, तिथूनच तसा आलाय. खरंय. 1919 मध्ये चार्ल्स फोर्ट नावाच्या गृहस्थानं जगातल्या चमत्कारिक बातम्यांची कात्रणं जमवून एक पुस्तक काढलं, त्यात त्यानं सहज लिहून टाकलं की मला वाटतं आपण कुणाच्या तरी मालकीची मालमत्ता आहोत. एवढं एकच वाक्य, पण पुढच्या शंभर वर्षांच्या कथांचं ते बी. मग 1951 साली रॉबर्ट हाइनलाइनच्या कादंबरीत शनीच्या टायटन चंद्रावरनं आलेल्या गोगलगायीसारख्या गोष्टी माणसांच्या पाठीला चिकटून त्यांना चालवायला लागल्या. 1954 मध्ये जॅक फिनीची गोष्ट एका साप्ताहिकात क्रमशः आली, तिच्यात कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात माणसं झोपली की त्यांच्या जागी हुबेहूब तशीच पण भावना नसलेली माणसं यायची. काळ बघा कुठला आहे. शेजारी कम्युनिस्ट तर नाही ना, या शंकेनं अख्खा देश पछाडला होता तेव्हा. त्यामुळे तिथल्या भुताला चेहरा शेजाऱ्याचा आला, ते साहजिकच आहे.

माझा सगळ्यात लाडका मात्र 1988 चा जॉन कारपेंटरचा सिनेमा, 'दे लिव्ह'. रे नेल्सनची 1963 ची एक चिमुकली कथा आहे, पाच-सहा पानांची, त्यावरनं काढलेला. मी तो कॉलेजात असताना भाड्याच्या कॅसेटवर पाहिला, मधेच दोनदा रीळ अडकलं होतं तरी. एका बेकार मजुराला काळा चष्मा सापडतो, तो घातला की रस्त्यावरच्या जाहिरातींच्या जागी नुसते हुकूम दिसतात, आज्ञा पाळा, लग्न करा आणि पोरं काढा, आणि नोटेवर लिहिलेलं असतं की हा तुमचा देव. सगळे लोक त्या चष्म्याबद्दल बोलतात, नाहीतर ती गल्लीतली मारामारी आठवतात, जी पाच मिनिटांच्या वर चालते कारण मित्र चष्मा घालायलाच तयार नसतो. पण मला विचाराल तर त्यातला सगळ्यात भारी प्रसंग शेवटाकडे येतो. सुरुवातीला झोपडपट्टीत हीरोबरोबर राहणारा एक फाटका म्हातारा असतो, तोच आता कडक सूट घालून परग्रहवाल्यांच्या मेजवानीत हिंडत असतो आणि हीरो अन् त्याच्या मित्राला बघून त्याला वाटतं की हेही आपल्यासारखेच सामील झालेत, म्हणून तो प्रेमानं त्या दोघांना आतली सगळी जागा फिरवून दाखवतो. ना त्याच्या पाठीवर गोगलगाय ना मानेत चिप. त्याला नुसतं जेवण चांगलं मिळालंय.

तो म्हातारा बघून मला लगेच एक नाव आठवलं होतं आणि तुम्हालाही आठवायला पाहिजे. बाळाजीपंत नातू, पेशवाईच्या शेवटी इंग्रजांना सामील झालेला.

इथे माझा मुद्दा सुरू होतो, एवढा वेळ प्रस्तावना चालली होती, माफ करा.

परग्रहवाल्यांच्या स्वारीची सगळ्यात गाजलेली गोष्ट एच. जी. वेल्सनं 1898 मध्ये पुस्तकरूपानं काढली आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात तो स्वतःच सांगतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा. म्हणजे साम्राज्य चालवणाऱ्या देशातला लेखक स्वतःच्या लोकांना विचारतोय की असं आपल्यावर झालं तर? त्याला कल्पना करावी लागली. फोर्टला करावी लागली, हाइनलाइनला करावी लागली. आपल्याला कशाला कल्पना करायची? आपल्याकडे झालंय की हे सगळं. दूरवरनं मूठभर लोक येतात, त्यांची भाषा कळत नाही, त्यांचं जेवण वेगळं, त्यांची हत्यारं चांगली, आणि ते सिंहासनावर बसत नाहीत. जुना राजा तसाच ठेवतात. त्याच्या नावानं कारभार करतात. ही विज्ञानकथा नाही हो, हा आपला चौथीनंतर कधीही नीट न वाचलेला इतिहास आहे.

बंगालपासून बघा. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी मिळाली, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क. पण पुढची सात वर्षं कंपनीनं स्वतः समोर यायचं टाळलं. नवाब होता तसा, नायब दिवाण नेमलेला देशी माणूस, हिशोब जुन्याच पद्धतीनं जुन्याच कारकुनांनी लिहिलेला, फक्त पैसा दुसरीकडे जात होता. रयतेला दिसणारा चेहरा ओळखीचाच. 1770 मध्ये भयंकर दुष्काळ पडला तेव्हा जबाबदार कोण? नवाबाकडे पैसा नव्हता आणि कंपनीकडे जबाबदारी नव्हती. आता मला सांगा, कुठल्या लेखकानं आजवर परग्रहवाल्यांचं लपण्याचं एवढं पक्कं कारण दिलंय? ते घाबरट म्हणून किंवा रहस्य हवं म्हणून लपत नाहीत. समोर आलं की उत्तर द्यावं लागतं, म्हणून लपतात.

मग आपल्या अंगणात या. 31 डिसेंबर 1802, वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावानं कंपनीची फौज ठेवून घेतली, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही असं कबूल केलं. पेशवा पेशवाच राहिला, पुण्यात दक्षिणा वाटणं चालूच. आणि तिकडे मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेंटाचा, म्हणजे दरबारी बसवलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, बंगला. 1811 पासून तिथे एल्फिन्स्टन. हा माणूस मला विज्ञानकथेतला आदर्श परग्रहवासी वाटतो, चेष्टा नाही करत. शिकलेला, सभ्य, पुस्तकांचं वेड असलेला, इथल्या लोकांबद्दल खरोखर कुतूहल असलेला, आणि त्याच वेळी वाड्यात सकाळी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत संगमावर पोचायची व्यवस्था ठेवणारा. 5 नोव्हेंबर 1817 ला लढाईला तोंड लागलं तेव्हा मराठ्यांनी तो बंगला जाळला, त्यात त्याची पुस्तकं आणि कागद जळून गेले. तो त्याआधीच निसटून खडकीला पोचला होता. बारा दिवसांनी, 17 तारखेला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, आणि ते चढवणारा म्हणून आपण आजही ज्याचं नाव शिवीसारखं घेतो तो कोण, तर नातू.

पण शिवी देऊन विषय मिटवू नका ना. लेखक आहात तुम्ही! त्या माणसाच्या डोक्यात काय होतं? बाजीरावाचा कारभार असा होता की त्याच्यावर जीव ओवाळावा असं फारसं काही उरलेलंही नव्हतं. मामलती, म्हणजे महसूल वसुलीचे अधिकार, लिलावात विकल्या जात होत्या, रयत पिळून निघत होती. रेसिडेन्सीत काम करणाऱ्याला वेळेवर पगार दिसत असेल, नियम दिसत असेल, शब्द पाळणारा साहेब दिसत असेल. त्याला कुणी मंत्र घालायची गरज नव्हती. तुमच्या गोष्टीत मात्र दर सामील माणसाच्या मेंदूत काहीतरी घुसवलेलं असतं, म्हणजे बिचाऱ्याची चूकच नाही. सगळ्यात अवघड प्रश्नातनं सगळ्यात सोपी पळवाट!

आणि हिशोबाच्या दृष्टीनंही ते पटत नाही हो. दर माणसामागे एक गोगलगाय लागणार असेल तर तेवढ्या गोगलगायी पोसायच्या, पाठवायच्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हा केवढा खर्च. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांचे आयसीएसवाले, म्हणजे वरचे सनदी अधिकारी, सगळे मिळून हजाराच्या आसपास होते आणि खाली माणसं तीस कोटींच्या जवळपास. बाकी सगळं काम कुणी केलं? मामलेदार, अव्वल कारकून, फौजदार, पाटील, कुलकर्णी. आपणच. जी जमात ताऱ्याताऱ्यांमधलं अंतर कापून येते तिला एवढं साधं गणित येत नसेल काय?

आता साताऱ्याबद्दल, कारण मी तिथला आणि मला हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही. 1818 मध्ये पेशवाई बुडवल्यावर इंग्रजांनी काय केलं, तर छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पेशव्याच्या ताब्यातनं सोडवून साताऱ्याच्या गादीवर बसवलं. लोकांना केवढा आनंद झाला असेल. स्वतः छत्रपती परत आले! महाराज पंचविशीचे. आणि कारभार बघायला कंपनीनं शेजारी बसवला एक स्कॉटिश कॅप्टन, जेम्स ग्रँट, तोही तिशीच्या आतला. पुढची तीन-चार वर्षं, 1822 पर्यंत, राज्य प्रत्यक्षात हा पोरगा चालवत होता. महाराजांना हळूहळू कारभार शिकवून मग सोपवला म्हणे. 1819 च्या तहात कलम घातलेलं होतं की महाराजांनी बाहेरच्या कुठल्या सत्तेशी, कुठल्या सरदाराशी परभारे संबंध ठेवायचा नाही. एक साधं कलम. वीस वर्षांनी त्याच कलमाचा आधार घेऊन, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केलं असले आरोप ठेवून, 1839 मध्ये महाराजांना गादीवरनं उतरवून काशीला पाठवून दिलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे अर्ज करत राहिले, दारं ठोठावत राहिले, उपयोग शून्य. 1848 ला संस्थानच खालसा.

रंगो बापूजींची ही गोष्ट नुसती नावं बदलून लिहा. पृथ्वीवरचा एक वकील परग्रहावर जातो, तिथल्या सभ्य, नीट कपडे घातलेल्या, अतिशय ऐकून घेणाऱ्या लोकांपुढे तेरा वर्षं अर्ज करतो. सगळे त्याच्याशी नीट बोलतात. काहीजण मनापासून त्याच्या बाजूनं भाषणं करतात. घडत काहीच नाही. मी नुसतं हे टाइप करताना अंगावर काटा आला.

आणि ग्रँटचं पुढे काय झालं माहितीये ना? साताऱ्यात असताना त्यानं बखरी, कागदपत्रं, मोडीतली दफ्तरं गोळा केली, नकला करून घेतल्या, घरी गेला, नावापुढे डफ लागलं, आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. तोच ग्रँट डफ. म्हणजे ज्यानं पडद्याआडनं राज्य चालवलं त्यानंच आपण कोण होतो हेही लिहून ठेवलं, आणि पुढच्या पिढ्यांतली मराठी पोरं शाळेत त्याच्यावर आधारलेलं वाचून मोठी झाली, मग चिडून वि. का. राजवाड्यांसारख्या इतिहास संशोधकांनी गावोगाव हिंडून कागद जमवले. पुस्तक वाईट नाही, हे लक्षात घ्या, मेहनत खरी आहे त्यात, तेच तर जास्त टोचतं. आता कुणीतरी लिहा की हो अशी गोष्ट, ज्यात नायकाला कळतं की आपल्या शाळेतलं इतिहासाचं पुस्तक त्यांनी लिहिलंय आणि ते बरंचसं खरं आहे! ही माझी मागणी आहे, हट्ट म्हणा.

मधेच एक कडू गोष्ट बोलून घेतो. तुम्ही हे नीट लिहीत नाही म्हणून ती जागा दुसऱ्यांनी घेतलीय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवड्यातनं एकदा तरी सरडेमाणसांचा व्हिडिओ पडतो. डेव्हिड आइक नावाचा एक ब्रिटिश, आधी फुटबॉलचा गोलकीपर, मग टीव्हीवर खेळाच्या बातम्या देणारा, त्यानं नव्वदच्या दशकात हे सरपटणाऱ्या राज्यकर्त्यांचं प्रकरण खरं म्हणून विकायला काढलं आणि ते फिरत फिरत आमच्या आत्याच्या मोबाइलपर्यंत आलं, हिंदी आवाज लावून. 'दे लिव्ह'चं तर आणखी वाईट झालं, तिकडच्या निओनाझींनी म्हणायला सुरुवात केली की ते परग्रहवाले म्हणजे ज्यू. शेवटी जानेवारी 2017 मध्ये कारपेंटरला स्वतः जाहीर सांगावं लागलं की माझा सिनेमा तेव्हाच्या पैसेवाल्यांबद्दल आणि मोकाट भांडवलशाहीबद्दल आहे, ज्यूंशी त्याचा काही संबंध नाही. मी आत्याला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण कोणीतरी असेलच ना रे वर?" तिची चूक नाही. गोष्टीत यंत्रणा दाखवलीच नाही की वाचणाऱ्याच्या हातात उरतो फक्त 'ते', आणि त्या रिकाम्या 'ते'मध्ये मग ज्याला जो आवडत नाही तो भरतो. कुणी ज्यू भरतो, आपल्याकडे कुणाला भरतील ते मी सांगायला नको. कंपनीच्या गोष्टीत असं करता येत नाही, कारण तिथे नाव आहे, तारीख आहे, कलम आहे, 26 लाखांचा आकडा आहे, आणि आपली स्वतःची माणसंही आहेत.

संपादकांसाठी वेगळं एक-दोन ओळी. तुम्ही म्हणाल जागा नाही, शब्दमर्यादा आहे, जाहिराती आहेत. आहेत ना, 1909 ला 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आहेत. पण नेल्सनची कथा पाच-सहा पानांचीच होती, जागेचा प्रश्न नाही. आणि नवीन लेखक घाबरत असतील तर 1974 ची गोष्ट सांगा त्यांना, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणी कथा पाठवली, पहिलं बक्षीस आलं, आणि मग कळलं की हे तर जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून लपलेले. जगप्रसिद्ध माणसालासुद्धा वाटलं की नावावर नको, कथेवर जोखा. तुम्हीही तसं जोखत जा की, ठरलेल्या चार नावांकडनंच दरवर्षी कथा मागवण्यापेक्षा.

कुणी कमेंटमध्ये लिहायच्या आत मीच सांगतो, हो, मी स्वतः लिहून बघितलं. गेल्या पावसाळ्यात. बारा पानं झाली. माझ्या गोष्टीत ते येऊन चाळीस वर्षं झालीयेत, एकूण तीनशे आहेत, त्यातला आपल्या जिल्ह्याला एकच, आणि तो कलेक्टर ऑफिसच्या मागच्या बंगल्यात राहतो, त्याला नाचणीची भाकरी आवडते. नायक त्याच्याकडचा अव्वल कारकून. सज्जन माणूस. त्याच्यामुळे तालुक्यात पाण्याच्या पाळ्या पहिल्यांदा वेळेवर सुटायला लागतात, लाच बंद होते, पोरीच्या शाळेला छप्पर येतं. दर महिन्याला एक बंद पेटी तो स्वतः सही करून वर पाठवतो आणि पेटीत काय आहे ते त्यानं कधी बघितलेलं नाही. पुढे त्याला पेटी उघडायला लावायची होती मला. पण लिहिता लिहिता तो इतका आवडायला लागला की माझ्याच्यानं होईना. शेवटी त्याचं काय करायचं, फाशी की पश्चात्ताप, तेही ठरेना.

खऱ्या नातूला इनाम मिळालं होतं. तिथेच अडकलोय मी, बारा पानं टेबलाच्या खणात आहेत, कुणाला हवी असतील तर घेऊन जा, नाव नका टाकू माझं.

कळावे,
साताऱ्याचा, सध्या पुण्यात भाड्यानं राहणारा एक वाचक